सबवूफरच्या बॉक्ससाठी घरच्या घरी फ्लेअर पोर्ट: साच्यापासून ट्यूनिंगपर्यंत

बॉक्स नवा असला की पहिले दोन दिवस सगळं गोड वाटतं. तिसऱ्या दिवशी आवाज जरा वाढवावा, तर पोर्टातून, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीतून, सायकलच्या पंपासारखी फुसफुस. माझ्या १२ इंची वूफरच्या, म्हणजे बेसच्या स्पीकरच्या, बॉक्सचं असंच झालं. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. ढोलाचा ठोका छान घुमायचा, पण प्रत्येक ठोक्यामागे एक 'फुस्स'. आधी वूफर फाटला असं वाटलं, मग ॲम्प्लिफायरवर संशय. शेवटी पोर्टाच्या तोंडाशी कान नेला तेव्हा चोर सापडला. बॉक्सला चार इंची पीव्हीसी पाईप सरळ कापून बसवला होता. कापलेली कडा धारदार होती आणि हवा तिथेच अडखळत होती.

यावर उपाय म्हणजे पोर्टाचं तोंड सनईसारखं पसरट करणं, म्हणजेच फ्लेअर. तो विकतही मिळतो, पण हव्या त्या मापाचा मिळेलच असं नाही. मी तो पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, एक हॉट एअर गन आणि लाकडी साचा वापरून केला. पहिले तीन प्रयत्न वाया गेले, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं 'असं करू नका' या वर्गातलं आहे.

फुसफुस येते कुठून

पोर्टेड बॉक्समधली हवा ही स्प्रिंग असते आणि पोर्टमधला हवेचा दांडा हे त्या स्प्रिंगवर डुलणारं वजन. दोघांची जोडी एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला घुमते, तेच बॉक्सचं ट्यूनिंग. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९३० साली अर्ज केला आणि १९३२ साली ते मिळालं. पण गणित जमेपर्यंत बरीच वर्षं गेली. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते नीट मांडलं. आज वूफरच्या कागदावर जे थील-स्मॉल आकडे छापलेले असतात, ते याच दोघांचे.

ट्यूनिंगच्या आसपास वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळं काम पोर्टमधली हवा करते. ३२ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३२ वेळा बाहेर आणि ३२ वेळा आत. वेग वाढला की धारदार कडेला हवा वळू शकत नाही, ती कडा सोडून सुटते आणि भोवरे तयार होतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरच्या पुलाच्या खांबांमागे जे भोवरे गरगरतात, तसेच हे. त्या भोवऱ्यांचा आवाज म्हणजे फुसफुस. शिवाय त्यात ताकद वाया जाते. आवाज वाढवला तरी खालचा बेस त्या प्रमाणात वाढत नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हवा जितक्या जोरात बाहेर येते तितक्याच जोरात आतही जाते. म्हणजे भोवरे बाहेरच्या तोंडाशी होतात तसेच बॉक्सच्या आतल्या तोंडाशीही होतात. मी पहिल्यांदा फक्त दिसणारं तोंड पसरट केलं, वर काळा रंग मारला, मित्रांना फोटो पाठवले, आणि फुसफुस जेमतेम निम्मी कमी झाली. आतलं तोंड कुणाला दिसत नाही म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही. फ्लेअर करायचा तर दोन्ही टोकांना करा. एकच करायचा असेल तर एवढा खटाटोप नको.

कापण्याआधी आकडेमोड

फ्लेअर ही जादू नाही. पोर्ट मुळात अरुंद असेल तर त्याला कितीही सुंदर तोंड दिलं तरी तो कुरकुरणारच. म्हणून आधी व्यास ठरवा.

गोल पोर्टची लांबी काढायचं सूत्र असं: २३५६२.५ ला पोर्टच्या आतल्या व्यासाच्या (सेंटिमीटर) वर्गाने गुणा. त्याला ट्यूनिंगच्या (हर्ट्झ) वर्गाने आणि बॉक्सच्या निव्वळ आकारमानाने (लिटर) भागा. उत्तरातून ०.७३२ गुणिले व्यास वजा करा. आलेला आकडा म्हणजे पोर्टची सेंटिमीटरमधली लांबी. पोर्टचं एक तोंड बॉक्सच्या फळीशी सपाट आणि दुसरं आत मोकळं असेल तेव्हा ०.७३२ चालतं.

माझा बॉक्स ६० लिटरचा, ट्यूनिंग ३२ हर्ट्झ. ११० मिमी बाहेरच्या व्यासाचा पाईप, ज्याला सगळे 'चार इंची' म्हणतात, आतून १०४ मिमी भरला. उत्तर आलं ३४ सेंमी. तोच हिशेब ७० मिमी आतल्या व्यासाच्या 'तीन इंची' पाईपला केला तर जेमतेम १३.७ सेंमी. इथेच लोक फसतात. छोटा पोर्ट छोट्या जागेत बसतो, कापायला सोपा, स्वस्त. पण त्याचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंमी आणि चार इंचीचं ८५. म्हणजे तेवढीच हवा सव्वादोन पट वेगाने पळणार. मग मोठ्यात मोठा का घेऊ नये? १५२ मिमी आतल्या व्यासाच्या 'सहा इंची' पाईपला लांबी येते साडेसत्त्याहत्तर सेंमी. त्यासाठी बॉक्स नव्हे, कपाट लागेल.

आता वेग. बॉक्स मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवला आणि ३२ हर्ट्झला एक मीटरवर १०५ डेसिबल हवे असतील, तर चार इंची पोर्टमध्ये हवेचा कमाल वेग सुमारे १५ मीटर प्रति सेकंद होतो, तीन इंचीत ३४. सरळ कापलेल्या पोर्टसाठी ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्के, म्हणजे साधारण १७ मीटर प्रति सेकंद, ही मर्यादा बहुतेक जण पाळतात. दोन्हीकडे चांगला फ्लेअर असेल तर २५ पर्यंत कान सहसा तक्रार करत नाही. म्हणजे चार इंची सरळ पोर्ट १०६ डेसिबलच्या आसपास फुसफुसायला लागेल आणि फ्लेअर केलेला १०९ पर्यंत निभावून नेईल. फ्लेअरने मिळतात ते हे तीनेक डेसिबल. ऐकायला कमी वाटतात, पण तेवढ्यासाठी ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट करावी लागते. हे आकडे स्वतःच्या वूफरसाठी हवे असतील तर विनआयएसडी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात पोर्टमधल्या वेगाचा आलेखच मिळतो.

फ्लेअर किती मोठा हवा? जितका मोठा तितका चांगला, असं नाही. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या अभियंत्यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर सविस्तर काम छापलं. मोठ्या आवाजाला मध्यम फ्लेअर उत्तम ठरतो, अति पसरट तोंडात हवा उलट लवकर सुटते, असा त्याचा सूर होता. चार इंची पाईपला २५ मिमी त्रिज्येची गोलाई मला घरगुती अवजारांत जमली आणि कानालाही पटली. खालची सगळी मापं त्याच हिशेबाने आहेत.

पाईप आणि बाकी सामान

प्लंबिंगच्या दुकानात दोन जातींचे पाईप असतात. एक पाण्याच्या दाबाचा, तो 'चार किलोचा', 'सहा किलोचा' असा मागतात. दुसरा सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर. बाहेरून दोन्ही ११० मिमी, पण भिंतीची जाडी वेगळी असते, म्हणून आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच सूत्रात घाला. फ्लेअरसाठी तीन मिमीच्या आसपासची भिंत हवी. पातळ पाईप ताणताना फाटतो आणि फार जाड पाईप आतून तापायच्या आधी बाहेरून करपतो. सीपीव्हीसी घेऊ नका. तो गरम पाण्यासाठी बनवलेला असतो, लवकर मऊच पडत नाही.

अख्खा पाईप घ्यायची गरज नाही. जवळपास बांधकाम चालू असेल तर प्लंबरकडे मीटर-दीड मीटरचे तुकडे पडलेले असतात. गोड बोलून मागा. सरावासाठीही तुकडे लागतील, म्हणून जरा जास्तच आणा. सोबत एक कपलर, म्हणजे दोन पाईप जोडायचा सॉकेट.

प्लाय आणि एमडीएफसाठी (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो, म्हणून बॉक्ससाठी मी प्लाय वापरतो आणि एमडीएफ फक्त साच्यासाठी. रेझिस्टर, वायर, टर्मिनल तपकीर गल्लीत मिळतात. पॉलिश पेपर, कानस, ब्रश, पुट्टी बोहरी आळीत. रविवारी किंवा बुधवारी वेळ असेल तर जुन्या बाजारात एक चक्कर मारा. माझी मोठी अर्धगोल कानस तिथलीच, आणि नव्या दोन कानशींपेक्षा चांगली चावते.

साचा: सगळा जीव यात आहे

शेतात पाईपलाईन टाकताना पाहिलं असेल. पाईपाचं तोंड जाळावर फिरवून मऊ करतात, त्यात दुसरा पाईप घुसवतात, थंड झालं की सॉकेट तयार. आपणही तेच करणार आहोत, फक्त दुसऱ्या पाईपाच्या जागी कर्ण्याच्या आकाराचा साचा.

माझा पहिला साचा होता स्टीलची वाटी. तापलेल्या तोंडावर वाटीचा बुडखा दाबला. तोंड पसरलं खरं, पण आकार उलटा आला. सनई व्हायच्या ऐवजी पेला झाला. वाटी बाहेरून फुगीर असते, म्हणून पाईपही आतून खोलगट होतो आणि कडेला पुन्हा धार राहतेच. आपल्याला हवं ते याच्या नेमकं उलट. पाईपाच्या आतली भिंत सरळ येऊन हळूहळू बाहेर वळायला हवी. म्हणजे साच्यावर मधे एक खुंट आणि खुंटाच्या पायथ्याशी आतल्या बाजूने गोलाई पाहिजे. उखळातून वर आलेल्या मुसळाचा पाया थोडा पसरट असावा, तसं काहीसं.

लाकडाचं लेथकाम करणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून एकसंध लाकडाचा साचा काढून घ्या. खुंटाचा व्यास पाईपाच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिमी कमी, खुंटाची उंची ७० मिमी, पायथ्याला २५ मिमी त्रिज्येची गोलाई आणि खाली २०० मिमीची सपाट बैठक. एवढं कागदावर काढून दिलं की काम झालं.

लेथ नसेल तर असं करा. १८ मिमी एमडीएफच्या चार चकत्या जिगसॉने कापा, व्यास १०४ मिमीपेक्षा थोडा जास्त. मधे भोक पाडून एका बोल्टवर चढवा, फेविकॉलने चिकटवा आणि बोल्ट ड्रिलमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपर लावा. पाईपात सैलसर सरकेपर्यंत घासा. मग २०० मिमीच्या बैठकीवर आधी ६ मिमी प्लायची १२० मिमी व्यासाची चकती चिकटवा आणि त्यावर हा खुंट उभा करा. मधली चकती पुट्टी वाचवण्यासाठी आहे.

आता खुंट आणि बैठक यांच्या कोपऱ्यात गाडीच्या डेंटिंगवाल्याकडे मिळते ती दोन भागांची बॉडी पुट्टी भरा. २५ मिमीची गोलाई नेमकी आणायची कशी, यावर माझे दोन दिवस गेले आणि उत्तर पाईपाच्याच ढिगात पडलं होतं. ५० मिमी पाईपाची त्रिज्या २५ मिमी असते. त्याचा हातभर तुकडा घ्या, त्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि सुकलेल्या पुट्टीवर साच्याभोवती फिरत घासा. पाईप बैठकीला आणि खुंटाला एकाच वेळी टेकला की गोलाई पूर्ण झाली. नंतर २२० नंबरने गुळगुळीत करा. साच्यावरचा प्रत्येक खड्डा पोर्टवर उमटतो, त्यामुळे इथे कंटाळा करू नका. शेवटी मेणाचा पातळ हात द्या, म्हणजे पाईप चिकटणार नाही. तेल लावू नका, नंतर रंग धरत नाही.

तापवणं आणि दाबणं

हे काम गच्चीत किंवा अंगणात. स्वयंपाकघरातल्या गॅसवर तर मुळीच नाही. पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडायला लागतो, ११० ते १४० च्या दरम्यान हवा तसा वळतो, आणि जास्त तापवला तर त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो डोळ्यांना, घशाला झोंबतो. पाईप तपकिरी व्हायला लागला किंवा नाकात तिखट वास गेला तर गन बंद करा आणि लांब जाऊन उभे राहा. हातात जाड चामडी मोजे हवेतच.

आधी पाईप काटकोनात कापा. त्यासाठी वर्तमानपत्राची सरळ कडा पाईपाभोवती गुंडाळा, कडेवर कडा जुळली की मार्करने रेघ मारा आणि हॅक्सॉने पाईप फिरवत फिरवत कापा. तिरकं तोंड ताणलं की फ्लेअर एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड होतो. कापल्यावर कडेचे बारीक चरे कानशीने साफ करा. ताणताना पाईप फाटतो तो नेमका या चऱ्यांपासून. माझा दुसरा प्रयत्न असाच गेला.

तोंडापासून ५० मिमीवर टेपची पट्टी लावा. एवढाच भाग तापवायचा. याहून जास्त तापवलात तर दाबताना पाईप मधेच बसतो, कुकरच्या जुन्या रबरासारखा वेडावाकडा होतो.

हॉट एअर गन हातात धरून पाईप फिरवत तापवता येतो, पण सगळीकडे सारखी ऊब मिळत नाही. त्यापेक्षा १५ किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. वरचं झाकण कापून टाका, खालच्या बाजूला गनच्या नळीएवढं भोक पाडा. गन तिथून आत फुंकेल आणि गरम हवा वर उघड्या तोंडातून निघून जाईल. पाईपाचं टोक वरून आत धरा आणि सावकाश फिरवत राहा. पाईप पत्र्याला टेकू देऊ नका. माझ्या १८०० वॉटच्या गनने सात-आठ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा हाताला विचारा. लाकडी चमच्याने कडा दाबून पाहा. भिजलेल्या चामड्यासारखी वाकली आणि सोडल्यावर लगेच परत आली नाही, की वेळ झाली.

साचा जमिनीवर, खुंट वर. पाईप खुंटावर चढवा आणि सरळ खाली दाबा, वजन दोन्ही हातांवर सारखं ठेवून. गोलाईपाशी अडेल. तिथे जोर लावू नका. पुन्हा गन फिरवा, पुन्हा दाबा. १०४ मिमीचं तोंड १५४ पर्यंत न्यायचं म्हणजे कडेला जवळपास पन्नास टक्के ताण. तो एका झटक्यात दिला तर फाटतो, तीन टप्प्यांत दिला तर निमूट येतो. शेवटी कडा बैठकीवर सपाट लोळली पाहिजे, १६५ मिमीच्या आसपास. वरून एक प्लायची भोक पाडलेली फळी ठेवून कडा दाबून धरा आणि ओल्या फडक्याने थंड करा. दहा मिनिटं हलवू नका.

बिघडलं तर लगेच फेकू नका. पीव्हीसीला स्मरणशक्ती असते. तोच भाग पुन्हा सारखा तापवला की तो बराचसा मूळ गोल आकारात परत येतो. फाटला नसेल तर एक संधी आणखी मिळते. तिसऱ्यांदा मात्र भिंत कुठे पातळ, कुठे जाड होते.

असे दोन तुकडे करा, प्रत्येकाला एका टोकाला फ्लेअर आणि दुसरीकडे सरळ शेपूट. एक सलग पाईप घेऊन दोन्ही टोकांना फ्लेअर करायचा मोह टाळा. तो नंतर कमी करता येत नाही आणि बॉक्समध्ये घालताही येत नाही. कडा कानशीने गोल करा आणि ताणाच्या जागी उजेडात बारीक चिरा दिसतात का पाहा.

राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) आणि त्याचं अर्ध्या इंची दांड्याचं, कडा गोल करणारं २५ मिमी राऊंडओव्हर बिट असलेला सुतार मिळाला तर बाहेरचं तोंड थेट दुहेरी फळीतच कोरून घेता येतं, दिसतंही देखणं. बहुतेक सुतारांकडे मात्र छोटा ट्रिमर असतो, त्याला एवढं मोठं बिट लागत नाही. आणि आतल्या तोंडासाठी पाईप तापवावा लागतोच, मग दोन्ही एकाच साच्यावर का नको?

बॉक्समध्ये बसवणं

बॉक्सचं आकारमान ठरवताना पोर्टची स्वतःची जागा धरा. ११ सेंमी जाडीचा ४० सेंमी पाईप ३.८ लिटर खातो, वूफरचा मागचा भाग दोन-तीन लिटर, आतले आधार आणखी थोडे. निव्वळ ६० लिटर हवे असतील तर बॉक्स आतून ६८ च्या आसपास बनवावा लागतो.

पुढची फळी १८ मिमीची दुहेरी ठेवा. बाहेरच्या थरात १५० मिमीचं भोक, आतल्या थरात ११२ मिमीचं. पाईप पुढून घातला की फ्लेअरची गोलाई पहिल्या भोकात मावते, सरळ भाग दुसऱ्यात घट्ट बसतो आणि कडेचा काठ फळीवर टेकतो. मागे राहिलेली पोकळी पुट्टी किंवा एम-सीलने भरून काढा, नाहीतर तीच खडखडते. दुसरा तुकडा वूफरच्या भोकातून आत घालून कपलरने जोडायचा. कपलरच्या आत मधोमध एक कड असते. दोन्ही पाईप तिला घट्ट टेकले पाहिजेत, म्हणजे आतून पायरी राहत नाही.

आतलं तोंड मागच्या भिंतीपासून किमान पोर्टच्या व्यासाइतकं दूर हवं. बॉक्स उथळ असेल तर बेंड वापरा आणि लांबी पाईपाच्या मधल्या रेषेवर मोजा. एल्बो नको, त्याचं वळण फार तीव्र असतं. लांब पोर्ट लटकू देऊ नका, प्लायच्या कड्याचा आधार द्या.

सोल्व्हेंट, म्हणजे प्लंबर ज्याला 'सोल्यूशन' म्हणतात ते, अजून लावू नका. ट्यूनिंग बाकी आहे.

ट्यूनिंग तपासणं

फ्लेअर केल्यावर पोर्टची खरी लांबी किती धरायची, यावर वाद घालणारे भरपूर आहेत. ढोबळ हिशेब असा: प्रत्येक फ्लेअरची निम्मीच खोली मोजा. माझ्या बाबतीत ३४ सेंमीमध्ये दोन्हीकडचे सव्वा-सव्वा सेंमी मिळवून टोकापासून टोकापर्यंत साडेछत्तीस. मी ३८ ठेवून सुरुवात केली, कारण पाईप कापता येतो, वाढवता येत नाही. आणि फार काटेकोरपणा नको. या बॉक्समध्ये एक सेंमी म्हणजे जेमतेम ०.४ हर्ट्झ. पोर्ट आखूड केला की ट्यूनिंग वर जातं.

मोजायची सोपी पद्धत डोळ्याची. फोनवर टोन जनरेटर ॲप घ्या, आवाज कमी ठेवा आणि ४५ हर्ट्झपासून एक एक हर्ट्झ खाली या. कोनवर पांढऱ्या खडूचा ठिपका दिला तर हालचाल नीट दिसते. ज्या फ्रीक्वेन्सीला ठिपका सगळ्यात कमी थरथरतो आणि पोर्टमधून हवा सगळ्यात जास्त येते, तेच ट्यूनिंग.

नेमकेपणा हवा असेल तर ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये १०० ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि फ्रीक्वेन्सी बदलत वूफरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजून आलेख काढा. आलेखात दोन डोंगर आणि मधे दरी दिसेल. दरीचा तळ म्हणजे ट्यूनिंग. मोजताना ॲम्प्लिफायरचे लो-पास (वरचे सूर अडवणारा) आणि सबसॉनिक (फार खालचे सूर अडवणारा) फिल्टर बंद ठेवा, म्हणजे आलेख वाकडा होणार नाही. माझी दरी ३१.५ ला आली. शेपटाकडून सेंटिमीटरभर कापलं, ३२ च्या जवळ आली, तिथेच थांबलो. मग जोडांना सोल्यूशन लावलं आणि सांधे सिलिकॉनने बंद केले.

गळती शोधायला उदबत्ती. ३० हर्ट्झचा टोन लावून ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे फट आहे. मग तीच उदबत्ती पोर्टासमोर धरा. सरळ कापलेल्या जुन्या पोर्टासमोर धूर लगेच विस्कटायचा, नव्यासमोर तो बराच वेळ एकसंध लाटेसारखा आत-बाहेर होत राहतो. हा खेळ मी गरज नसताना अर्धा तास खेळलो. मोठ्या आवाजाची चाचणी दिवसा उरका. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची आहे, आणि बेस भिंतींतून शेजाऱ्यांकडे आधी पोचतो.

ट्यूनिंगच्या खाली वूफरला हवेचा आधार उरत नाही आणि कोन वाटेल तसा धावतो. म्हणून फिल्टर पुन्हा चालू करा, सबसॉनिक २५ ते २७ हर्ट्झवर. लो-पास ८० च्या आसपास ठेवला की पोर्टची स्वतःची शिट्टीही कानावर येत नाही. ती या लांबीला ४०० हर्ट्झच्या आसपास असते.

रंगासाठी २२० ने खरवडून मॅट काळा स्प्रे पुरतो. काही महागड्या कंपन्या पोर्टच्या तोंडावर गोल्फच्या चेंडूसारखे खळगे देतात. घरी त्या वाटेला जाऊ नका, गोलाई नीट असेल तर तेवढं पुष्कळ. पोर्टवर जाळी लावायची नाही. तिच्या प्रत्येक तारेवर हवा पुन्हा शिट्टी घालते. आमच्याकडे जाळीचा आग्रह पालीमुळे झाला होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. तोडगा म्हणून मी जुन्या मोज्यात कापूस भरून एक बोळा केलाय. ऐकून झालं की पोर्टात खोचायचा. लावायच्या आधी काढायला विसरलं की बॉक्स सीलबंद होतो, बेस मवाळ पडतो, आणि घरातल्यांच्या मते तेव्हाच तो सगळ्यात चांगला वाजतो.